वेळासची कासवं आणि गावची चूल

फेब्रुवारी-मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर सकाळी पाहुणे दोरीमागे गप्प उभे असतात. वाळूवरची टोपली उचलली जाते आणि तळहातावर मावतील अशी कासवाची पिल्लं समुद्राकडे सरपटायला लागतात.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. पण मला सांगायचाय तो अलीकडचा इतिहास.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते. वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पूर्वी ही अंडी लोक उकरून खायचे, विकायचे. उरलेली कोल्ही-कुत्री खायची. कासवाला कायद्याचं संरक्षण होतं, पण कायदा काही रात्री वाळूत फिरायला येत नाही.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेची माणसं समुद्री गरुडांची पाहणी करत होती. वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तिथून गावकऱ्यांना बरोबर घेऊन राखण सुरू झाली. पहाटे किनारा चालायचा, घरटं सापडलं की अंडी अलगद काढायची, कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची आणि पुढं पन्नासेक दिवस सांभाळायची.

कासव महोत्सव भरला तो २००६ साली. मधली चार वर्षं ध्यानात घ्या. आमच्या गटात नवा धंदा सुरू झाला की तिसऱ्या महिन्यात विचारतात, ‘ताई, नफा किती?’ म्हणून मुद्दाम सांगते.

पाहुणे येऊ लागले तेव्हा लोकांनी आपली घरंच उघडली. ओटीवर अंथरुणं, पानात सोलकढी, उकडीचे मोदक. अंड्यांतून एकदाच पैसे मिळायचे; पिल्लू बघायला आलेला माणूस राहतो, जेवतो, पुढच्या वर्षी पाहुणे पाठवतो. बातमीत मात्र कासव असतं, चूल नसते. मला तर आधी हेच विचारावंसं वाटतं, की त्या जेवणाचे पैसे कुणाच्या खात्यावर जमा होतात?

२०२२ साली वेळासलाच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा.

आणि गंमत ऐका. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त जन्मतात, गार राहिली तर नर.

जायचं असेल तर आधी फोन करून घरटी कधी फुटणार ते विचारा. बॅटरी लावू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात. दोन रात्रींचा मुक्काम धरा. ती कधी वर येतील ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.