६५७ अक्षरांतली एक चूक

आमच्या संगणकाच्या धंद्यात एक श्रद्धा आहे. चूक कुठल्या ओळीत आहे ते कळलं की अर्धं काम झालं! अक्षर बदला, प्रोग्राम पुन्हा चालवा आणि घरी जा. शरीराच्या बाबतीत ही श्रद्धा कशी तोकडी पडते, त्याची ही गोष्ट.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात चारेक वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याच्या लघवीत रक्त होतं आणि स्फटिकही. तपासलं तर ते निघालं युरिक ॲसिड. म्हणजे एरवी पन्नाशीतल्या माणसाला गाउट करणारा पदार्थ, आणि तो एवढ्याशा पोरात! मोठ्या भावालाही तेच दुखणं होतं. पण खरा धक्का पुढेच होता. ही मुलं स्वतःचे ओठ आणि बोटं चावायची. वेदना कळत नव्हती म्हणून नव्हे. या आजारातल्या मुलांना दुखतं, ती रडतात आणि हात बांधून ठेवले की त्यांना हायसं वाटतं.

मायकेल लेश हा तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. त्याने आणि त्याचे शिक्षक डॉ. विल्यम नायहन यांनी १९६४ साली या भावांविषयी लिहिलं. आजाराला दोघांचं नाव मिळालं: लेश-नायहन.

१९६७ मध्ये सीगमिलर, रोझेनब्लूम आणि केली यांना कारण सापडलं. आपल्या पेशींत प्युरिन नावाचे पदार्थ असतात. डीएनएची चारपैकी दोन अक्षरं प्युरिनच. जुनी प्युरिनं मोडीत निघतात तेव्हा एचपीआरटी हे एन्झाइम ती रद्दीवाल्यासारखं गोळा करून पुन्हा वापरात आणतं. या मुलांत हा रद्दीवालाच गायब! मग रद्दी साचते, तिचं युरिक ॲसिड होतं, आणि पेशी नवी प्युरिनंही गरजेपेक्षा जास्त बनवत राहतात.

१९८० च्या दशकात जनुकही हाती आलं. ते एक्स गुणसूत्रावर असतं. म्हणून आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि आई बहुधा निरोगी वाहक असते. प्रथिनाची कृती लिहिलेली असते अवघ्या ६५७ अक्षरांत. वाटलं, सगळ्यांत एकच चूक सापडेल. छे! आजवर सहाशेहून अधिक वेगवेगळ्या चुका नोंदल्या गेल्या आहेत. कुठे एक अक्षर बदललेलं, कुठे अख्खा तुकडा गळालेला. जवळजवळ प्रत्येक कुटुंबाची चूक स्वतंत्र. एन्झाइमचं थोडंसं काम जरी शिल्लक राहिलं तरी काही जणांचं गाउट आणि मुतखड्यांवर निभावतं, चावणं येत नाही.

आणि सगळ्याच आया वाहक नसतात. जे. बी. एस. हाल्डेन (हे पुढे भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले) यांनी १९३५ मध्ये हिमोफिलियाच्या संदर्भात एक हिशोब मांडला होता. असा आजार असलेल्या मुलांना मूलबाळ होत नसेल, तरीही आजार टिकून असेल, तर साधारण एक तृतीयांश रुग्णांत चूक नव्याने घडलेली असणार. प्रत्यक्षात आकडा थोडाफार हलतो, पण मुद्दा खरा ठरला.

मग दुरुस्ती? ॲलोप्युरिनॉलने युरिक ॲसिड उतरतं, मूत्रपिंडं वाचतात. चावणं मात्र थांबत नाही. १९८७ मध्ये हेच जनुक मोडलेले उंदीर तयार केले, तर ते मजेत! या मुलांच्या मेंदूत डोपामिन कमी असतं एवढं कळलंय. पण त्यातून स्वतःलाच चावण्याची ओढ कशी येते, याचं पूर्ण उत्तर आजही नाही.

मग अक्षर शोधून मिळवलं काय? मला वाटतं, बरंच. मावशीला, बहिणीला आपण वाहक आहोत का, हे आधी तपासता येतं. आणि पोर बोट चावतं तेव्हा ते हट्टी नाही, आईचे संस्कार कमी पडलेले नाहीत, हे कागदावर दाखवता येतं.

चूक दुरुस्त झाली नाही, पण दोष कुणाचाच नाही हे कळलं. असो. आमच्या धंद्यात याला काम झालं म्हणत नाहीत. त्या आईला विचारा.