‘पारंपरिक’ या शब्दाआड कोण आहे?

वगाचा इतिहास सांगताना सावळज हे गाव टाळता येत नाही. आज ते सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात आहे. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले; त्याआधी तासगाव तालुका साताऱ्यातच मोडत असे. सावळजच्या मातंग समाजातील उमा सावळजकर यांनी १८६५ साली ‘मोहना बटाव’ हा पहिला वग रचला, असे तमाशाचे अभ्यासक मानतात. गण, गौळण, बतावणी, लावणी यांच्या खेळाला वगाने सलग कथेचा कणा दिला. त्या कण्यावर पुढे कितीतरी फड उभे राहिले. परंतु ज्याने तो दिला त्याचे नावही आपण धड जपलेले नाही. कोणी उमाजी लिहितो, कोणी उमाबाबू.

त्या काळी लेखनाच्या मालकीचा कायदाच नव्हता असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. कंपनी सरकारने १८४७ सालीच ग्रंथहक्काचा कायदा केला होता. पण तो छापील ग्रंथाचा आणि नोंदवहीचा कायदा होता. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरबंदी होती, त्याच्या तोंडी वाङ्मयाला त्या नोंदवहीत जागा कोठून असणार? म्हणून वग सर्वांचा झाला. तो सर्वांचा झाला हे चांगलेच झाले. परंतु तो खुला ठेवावा की नाही हे उमांना कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

शाहिरांनी मात्र आपल्यापुरता एक कायदा केला होता. तो म्हणजे नाममुद्रा. लावणीच्या शेवटी कर्त्याचे नाव गुंफायचे. मग गाणारा कोणीही असो, नाव गाण्याबरोबर चालत राहते. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५) फडात शिरले, ते पठ्ठे बापूराव म्हणून याच नाममुद्रेने महाराष्ट्रभर पोचले. त्यांनी ब्राह्मण्य टाकून तमाशा पत्करला, याचे मोल कमी नाही. परंतु महार समाजात जन्मलेल्या पवळाबाईंच्या गळ्याला आणि अदाकारीला अशी नाममुद्रा नव्हती. कलावंताच्या सादरीकरणावर त्याचा हक्क असतो, हे भारतीय कायद्याने मान्य केले ते १९९४ च्या दुरुस्तीने.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांनी हाच वग हाती घेतला. गणातून गणपतीला काढून तेथे मायभूमीला वंदन आणले, गौळण वगळली आणि कामगार-शेतकऱ्याला रंगभूमीच्या मध्यभागी आणले. वगाला कुलूप नव्हते म्हणूनच हे घडू शकले. आपल्या कलेला कुलूप लावा, अशी मागणी करणाऱ्यांनी याचा विचार केला पाहिजे. पण दुसरी बाजूही आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा झालेला होता, ‘वैजयंता’ आणि ‘फकिरा’ या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले होते. तरी अण्णा भाऊ दारिद्र्यातच गेले. चित्रपटासाठी लिहिणाऱ्याचा रॉयल्टीतील वाटा करारातून सहजी काढून घेता येऊ नये, अशी तरतूद झाली ती २०१२ साली.

मी शिक्षक आहे. विद्यार्थ्यांना मी त्यांच्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवून हे समजावतो. अँड्रॉइड ज्या लिनक्सवर उभे आहे, तो खुला आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली आणि १९८९ साली त्याचा परवाना सिद्ध केला. त्याचे म्हणणे असे: हा प्रोग्राम चालवा, वाचा, बदला, वाटा, पण मूळ कर्त्याची हक्कसूचना पुसू नका, आणि बदललेली प्रत वाटाल तर ती याच अटींवर वाटा. म्हणजे मालकीच्या कायद्यालाच येथे खुलेपणाचा राखणदार केले आहे. आपल्या नाममुद्रेचीच ही बहीण. फरक एवढाच की, खुले करायचे हे तेथे कर्ता स्वतः ठरवतो. जातिव्यवस्थेत ते कर्त्याने ठरवलेले नव्हते. तेथे कला सर्वांची होती, आणि उपेक्षा तेवढी एकट्या कर्त्याची.

म्हणून खुलेपणा आणि नाव पुसणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एका कार्यक्रमपत्रिकेत मी वगापुढे ‘पारंपरिक’ एवढेच छापलेले पाहिले. परंपरा वग रचत नाही, माणसे रचतात. सातारा-सांगलीतील कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी फडाफडांत जाऊन जुनी बाडे उतरवून घ्यावीत. वग कोणी रचला, कोण गायले, ढोलकीवर कोण होते, हे त्यांनी लिहावे; त्या कलावंतांची संमती घ्यावी, आणि मगच ते सर्वांसाठी खुले करावे. वग कोणीही खेळो. पण त्याच्या पैशात कलावंताचा वाटा असावा, आणि पत्रिकेवर सावळजच्या त्या माणसाचे नाव असावे.