वखारीतला सागवान कोणत्या देशाचा? ओंडके निर्यातीचा साठ वर्षांचा हिशेब

जळगाव/धुळे : यावल, चोपडा, रावेर, शिरपूर या तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्याचं सागाचं जंगल आहे. तरी चौकटीसाठी वखारीत गेलं की घाना, इक्वेडोर किंवा ब्राझीलचा साग दाखवला जातो. असं का, ते कळायला कोणत्या देशाने कधी किती ओंडके विकले ते पाहावं लागतं.

१९६० च्या दशकात उष्ण प्रदेशातल्या कठीण लाकडाच्या व्यापारात फिलिपिन्स पुढे होता. तिथली जंगलं उघडी पडली तसा इंडोनेशिया वर आला. १९७८ च्या सुमारास एकटा इंडोनेशिया वर्षाला जवळपास २ कोटी घनमीटर ओंडके बाहेर पाठवत होता. (एक घनमीटर म्हणजे साधारण ३५ घनफूट.) १९८५ मध्ये त्याने ओंडके पाठवणं बंद केलं आणि त्याच लाकडाचं प्लायवूड करून विकलं. कारखाना आपला, मजुरीही आपल्याच माणसांना. मग पाळी मलेशियाची. १९९० च्या आसपास तिथल्या सारावाक या एका राज्यातून दीड कोटी घनमीटर माल जात होता; आधी मोठं गिऱ्हाईक जपान, पुढे भारत. अलीकडे पहिला नंबर पापुआ न्यू गिनीने घेतला, पण त्याचा आकडा ४० लाखांच्या आतच. म्हणजे इंडोनेशियाच्या जुन्या आकड्याचा जेमतेम पाचवा हिस्सा.

हे बहुतेक लाकूड मेरांटीसारखं, प्लायवूडच्या कामाचं. सागाचा मान ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा. शेजारच्या थायलंडने १९८८ च्या महापुरानंतर १९८९ मध्ये जंगलतोडच थांबवली. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. चिरलेलं लाकूड त्यानंतरही बाहेर जात राहिलं. त्यामुळे कोणी ताजा गोल ओंडका ‘बर्मा’ म्हणून दाखवला, तर बिल मागावं.

भारतात १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला, आणि केंद्राच्या मंजुरीच्या आराखड्याशिवाय जंगलातली तोड थांबली. आयात आधीच मोकळी होऊ लागली होती. कांडला बंदरावर ओंडक्यांचे ढीग वाढले, गांधीधामला आरागिरण्यांची रांग लागली.

आता येतो तो मुख्यतः लागवडीचा साग. घानाने नैसर्गिक जंगलातले ओंडके विकणं १९९० च्या दशकातच आवरलं, लागवडीचा साग मात्र पाठवतो. झाड पंधरा-वीस वर्षांचं असलं की गाभा कमी आणि बाहेरचा पांढरा भाग जास्त. वाळवी आधी तोच भाग धरते. घेताना टोकाचा काप पाहावा, नुसत्या देशाच्या नावावर जाऊ नये.

बांधावर साग लावलेल्या शेतकऱ्याची गाठ याच मालाशी आहे. परदेशी ओंडका कागदपत्रांसह थेट बंदरात उतरतो. इथे मात्र स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ नुसार परवानगी लागते, वाहतुकीचा पास वेगळा. त्यामुळे घाईत पडलेला शेतकरी उभं झाडच व्यापाऱ्याला देऊन टाकतो आणि भाव तिथेच पडतो. झाडांची नोंद सातबाऱ्यावर आधीच करून ठेवली तर वन विभागाकडे अर्ज करताना मालकीचा प्रश्न अडत नाही. लहानपणीच खालच्या फांद्या छाटलेल्या सागाला गाठी कमी येतात, फळी सरळ निघते.