एव्हार्ट्स ग्रॅहम : फुप्फुस, शस्त्र आणि सिगारेट

५ एप्रिल १९३३. अमेरिकेतील सेंट लुईस शहराचे बार्न्स रुग्णालय. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पिट्सबर्गचे ४८ वर्षांचे प्रसूतितज्ज्ञ डॉ. जेम्स गिलमोर, आणि त्यांच्या डाव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ. फुप्फुसाचा एक खंड काढावा, असा शल्यविशारद एव्हार्ट्स ग्रॅहम यांचा बेत होता. छाती उघडल्यावर मात्र गाठ दुसऱ्या खंडाच्या श्वासनलिकेलाही भिडलेली दिसली. ग्रॅहम यांनी तिथेच निर्णय घेतला आणि संपूर्ण डावे फुप्फुस काढून टाकले.

बर्लिनमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी १९३१ मध्ये एका मुलीचे फुप्फुस काढले होते. पण ते दोन टप्प्यांत, आणि कर्करोगासाठी नव्हे. कर्करोगग्रस्त फुप्फुस एकाच बैठकीत काढूनही रुग्ण वाचल्याचे हे पहिले उदाहरण. पुढे गिलमोर आपल्या वैद्यकीय व्यवसायातही परतले.

हे धाडस आकाशातून पडलेले नव्हते. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करी छावण्यांत न्यूमोनियानंतर अनेक सैनिकांच्या छातीत पू होई. शल्यविशारद तत्काळ छाती उघडत, आणि रुग्ण दगावत. कारण ग्रॅहम यांनी शोधले : आजाराच्या आरंभी दोन्ही फुप्फुसांमधला पडदा लवचीक असतो, एका बाजूने हवा शिरली की दुसरे फुप्फुसही दबते. म्हणून आधी सुईने पू काढावा, आणि छाती नंतरच उघडावी. या एका बदलाने मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. गिलमोर यांच्या शस्त्रक्रियेहून हे काम कमी गाजले, पण मोलाने ते तसूभरही उणे नाही.

ग्रॅहम स्वतः अट्टल धूम्रपान करणारे होते. अर्न्स्ट विंडर या विद्यार्थ्याने सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध तपासायची कल्पना मांडली, तेव्हा त्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. तरीही त्यांनी विद्यार्थ्याला अडवले नाही, हे विशेष. १९५० मध्ये दोघांनी ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एका प्रमुख गटात ६०५ पुरुष रुग्ण होते, त्यांपैकी ९६.५ टक्के दीर्घकाळ भरपूर धूम्रपान करणारे निघाले. कर्करोग नसलेल्या पुरुष रुग्णांत हेच प्रमाण ७३.७ टक्के होते. १९५३ मध्ये तंबाखूच्या धुरातील डांबर उंदरांच्या कातडीला लावून त्यांनी कर्करोग प्रत्यक्ष निर्माण करून दाखवला.

आपल्याच आकड्यांपुढे ग्रॅहम नमले आणि त्यांनी सिगारेट सोडली. पण तोवर अनेक दशकांचा धूर छातीत साचला होता. १९५७ च्या आरंभी त्यांच्या दोन्ही फुप्फुसांत कर्करोग आढळला. ज्या शस्त्रक्रियेने त्यांचे नाव झाले, ती त्यांच्यासाठी निरुपयोगी होती. ४ मार्च १९५७ रोजी ते वारले.

गिलमोर तेव्हा हयात होते. एकाच फुप्फुसावर ते १९६३ पर्यंत जगले.