पट्टेवाला ते मुख्यमंत्री

आपल्या भूमहून परंड्यापलीकडं गेलं की करमाळा तालुका लागतो. सुशीलकुमार शिंदे १९७४ साली पहिल्यांदा आमदार झाले ते तिथूनच. पण त्यांची कहाणी सुरू होते सोलापुरात.

४ सप्टेंबर १९४१ रोजी ढोर समाजातल्या घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच वडिलांचं छत्र हरपलं. पडेल ते काम करीत ते रात्रशाळेत शिकले. १९५७ पासून सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला होते, तरी शिक्षण सोडलं नाही. १९६५ नंतर पोलीस खात्यात फौजदार झाले. ती पक्की नोकरी सोडून राजकारणात आले आणि १८ जानेवारी २००३ रोजी महाराष्ट्राचे पहिले दलित मुख्यमंत्री झाले. २०१२ ते २०१४ देशाचं गृहखातंही त्यांच्याकडं होतं.

खरं सांगायचं तर, एक माणूस खुर्चीवर बसला म्हणून अख्खी वस्ती वर येत नाही. शिवाय खुर्ची टिकतही नाही. २००४ ची निवडणूक पक्षाच्या आघाडीनं जिंकली, पण मुख्यमंत्रिपद दुसऱ्याकडं गेलं. शिकलेलं मात्र कुणी काढून घेत नाही. बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिलं स्थान दिलं ते याचसाठी. म्हणून दिवसभर राबून आलेलं पोर रात्री पुस्तक उघडून बसलं, तर आईबापांनी दिवा मालवू नये.