म्हैसूरची जावा
फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल-निर्मितीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची रोमन लिपीतील पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार केले. जावाच्याच परवान्याने इराणी कुटुंबाच्या ‘आयडियल जावा’ कंपनीने १९६०च्या दशकारंभी म्हैसूरला उत्पादन सुरू केले, आणि पुढे ‘येझदी’ नावाने ते १९९६ पर्यंत चालले.

किक मारणे आणि गिअर बदलणे ही दोन्ही कामे एकाच लिव्हरवर सोपवणारी या गाडीची रचना आजही विलक्षण देखणी वाटते. तिचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या एका चढ-उतारात एकदा इंधन जाळणारे होते. त्यात पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या बंद कोठीत, दाबले जात असल्यामुळे तेथील सील जुने होऊन कडक झाले, की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणातील इंधन कमी पडते आणि पिस्टन तापून जाम होऊ शकतो. चालत्या गाडीचे मागचे चाक त्यामुळे अचानक अडकू शकते. म्हणूनच जुन्या जावाच्या पुनरुज्जीवनात रंग आणि क्रोम यांच्याआधी सीलचा विचार व्हावा लागतो. पुन्हा रस्त्यावर आल्यावरही, ड्रम ब्रेकमुळे थांबायला जास्त अंतर लागणाऱ्या या गाडीने डिस्क ब्रेकच्या आधुनिक वाहनामागे अंतर अधिकच राखावे.