तळहाताला सतत घाम? आयन्टोफोरेसिस मशीन घरी वापरण्याआधी हे वाचा

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की घाम सगळ्यांनाच येतो. पण काहींचे तळहात डिसेंबरातही ओलेच. फिंगरप्रिंट लॉक उघडत नाही, टच भलतीकडेच लागतो, परीक्षेत उत्तरपत्रिका भिजते. याला हायपरहायड्रोसिस म्हणतात आणि आयन्टोफोरेसिस हा त्यावरचा एक बिनसुईचा उपाय.

दोन ट्रेमध्ये नळाचं पाणी आणि एकेक धातूची पट्टी. एक हात या ट्रेत, दुसरा त्या ट्रेत, आणि मशीन त्यातून अगदी कमी डीसी करंट सोडतं. वैद्यकीय नियतकालिकांत १९५२ पासून याची नोंद आहे. घामाच्या ग्रंथी नेमक्या कशामुळे थंडावतात यावर अजून एकमत नाही, पण गुण बऱ्याच जणांना येतो.

हातांसाठी साधारण १५ ते २० मिलीअँपिअर, २० ते ३० मिनिटं, सुरुवातीला आठवड्यातून तीन-चार वेळा. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढे आठवड्यातून एकदा पुरतं. सोडून दिलं की घाम परत. आरओचं पाणी नको, त्यात क्षार कमी असल्याने करंट नीट वाहत नाही. साधं नळाचं चालतं.

आता जुगाडाबद्दल. ‘मोबाईल चार्जर आणि दोन स्टीलच्या ताटल्या’ असले व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. खरं मशीन करंट मोजतं, मर्यादेत ठेवतं आणि हळूहळू वाढवतं. चार्जर फक्त व्होल्टेज ठरवतो; करंट किती जाईल ते तुमच्या ओल्या त्वचेवर सोडलेलं. शिवाय स्वस्त चार्जरचं इन्सुलेशन फुटलं तर थेट २३० व्होल्ट पाण्यात, आणि करंटची वाट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हाताकडे जाते.

पेसमेकर, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, फिट्स, गरोदरपण किंवा करंटच्या वाटेत बसवलेली धातूची सळई-प्लेट असेल तर हा उपाय नाहीच. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, जखमेवर व्हॅसलीन लावा. मशीन चालू असताना हात झटकन बाहेर काढला तर चांगलाच झटका बसतो, त्यामुळे आधी करंट शून्यावर आणा. फोन तेवढा वेळ लांबच.

घाम अचानक सुरू झाला असेल, रात्री अंथरूण भिजत असेल किंवा वजन घटत असेल, तर कारण थायरॉईडसारखं दुसरंच असू शकतं. मशीन घेण्याआधी त्वचारोग डॉक्टरांना दाखवा. सोलापुरात सिव्हिलच्या ओपीडीतही दाखवता येतं. घ्यायचंच झालं तर बॅटरीवर चालणारं, करंटचा आकडा दाखवणारं घ्या.